जखम भरली, तरी घोडी लंगडते

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. पार मावळतीकडे, जिथे रस्ते संपत आणि नुसतं गवतच गवत पसरलेलं असे, तिथे एक छोटीशी वस्ती होती. लाकडाची घरं, लाकडाचंच चर्च, आणि माणसांपेक्षा घोडे जास्त.

त्या वस्तीत एक तरुणी राहत होती. माणसांना आणि जनावरांना औषधपाणी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडे शिकवणाऱ्या एका तरुणाशी तिचं लग्न ठरलं होतं. पण लग्नाच्या तोंडावर, तो तिच्या वडिलांना गाडीतून घरी आणत असताना, नदीच्या पुरात गाडी उलटली. वडील गेले. तरुण वाचला. गाडीला जुंपलेली वडिलांची घोडीही वाचली, पण तिच्या मांडीला मोठी जखम झाली.

तरुणीने त्याच संध्याकाळी जखम शिवून टाकली. शिवण्याआधी आत नीट पाहायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्या जखमेकडे तिला पाहवेना.

त्या वस्तीची एक रीत होती. चर्चमध्ये प्रभुभोजनाची पवित्र भाकर वाटण्याआधी पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, विचारत, "कुणाच्या मनात कुणाविषयी अढी आहे का?" असली, तर दोघांनी सगळ्यांसमोर हात मिळवायचा आणि मगच भाकर घ्यायची. वडिलांना पुरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तरुणी उठली, तरुणाचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी तुला क्षमा केली." मंडळींचे डोळे भरून आले. पोरीचा देवावरचा विश्वास केवढा मोठा, असं जो तो म्हणू लागला.

त्यानंतर मात्र ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. लग्नाचं नाव तिनेही काढलं नाही, त्यानेही नाही. वस्तीला त्यात काही वावगं दिसलं नाही. हात मिळवला ना, मग झालं.

इकडे घोडीची जखम भरली. वर केससुद्धा आले. पण घोडी लंगडायची, आणि दिवसेंदिवस जास्तच. तरुणीला हे कोडं काही सुटेना. तिने खूर पाहिले, सांधे चेपले, लेप लावले. कुठे काही सापडेना. आपलं काय चुकलं, हा किडा तिच्या डोक्यात वळवळत राहिला.

एके दिवशी घोडीने दाणा सोडला. शेजारचे आजोबा म्हणाले, "पोरी, उगाच हाल करू नकोस. एक गोळी घाल आणि मोकळी कर तिला." वडिलांची म्हणून तेवढी घोडीच उरली होती. तरुणीने ते ऐकलं नाही.

आता एकच जागा पाहायची राहिली होती, ती म्हणजे भरलेली जखम. पण तिथे हात लावला की घोडी लाथ उगारायची. तिला शांत धरू शकेल असा माणूस वस्तीत एकच होता. नाइलाजाने तरुणीने त्याला बोलावलं.

तो आला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. तरुणीने सुरी तापवून जखम उघडली. भळाभळा पू आला, आणि पुवाबरोबर गाडीच्या फळीची बोटभर ढलपी.

ती ढलपीकडे बघतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मी तुला क्षमा केलेलीच नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझा हात गार पडला होता."

"पूर दिसत होता ना? मग गाडी का घातलीस?"

इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "तुझे बाबा थांबू या म्हणत होते. मीच ऐकलं नाही. दिवस मावळायच्या आत मला तुझ्याकडे पोचायचं होतं."

तरुणीला रडू फुटलं, आणि संतापही आला. तोंडाला येईल ते ती त्याला बोलली. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण घोडीला त्याने सोडलं नाही.

या वेळी तिने जखम शिवली नाही, उघडीच ठेवली. रोज सकाळी तो घोडी धरायचा, ती मिठाच्या पाण्याने जखम धुवायची आणि त्याला काहीतरी विचारायची. बाबा शेवटी काय म्हणाले? तू त्यांचा हात धरला होतास का? मग तो सुटला कसा? काही उत्तरं ऐकून तिला जेवण गेलं नाही. एकदा तर तिने त्याला हाकलूनच दिलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात हजर. देवापुढेही आता ती गोड गोड बोलत नसे. "प्रभो, माझा राग जात नाही, तूच काय ते कर," एवढंच म्हणायची.

जखम हळूहळू आतून भरत आली. घोडी चौखूर उधळू लागली, तरी तरुण सकाळी येतच राहिला. आणि एका सकाळी तरुणीच्या लक्षात आलं, की विचारायचं सगळं विचारून झालंय आणि तरी हा निघून जाऊ नये असं आपल्याला वाटतंय.

"एक राहिलं," ती म्हणाली. "लग्नाचं तू परत का विचारलं नाहीस?"

"कुठल्या तोंडाने विचारणार होतो?"

"मग आता विचार."

त्याने विचारलं. हिवाळा लागायच्या आत दोघांचं लग्न झालं. लग्नात वडिलांच्या आठवणीने ती रडली, तोही रडला, आणि दोघांनी एकमेकांना गप्प केलं नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: आतला सल काढल्याशिवाय दिलेली क्षमा जखम झाकते, बरी करत नाही.