बाहेरचा माणूस

"...पण तो माणूस दिवसभर बाहेर उभा राहून करत काय होता, भंते? तुम्हीच सांगा!"

कासारेसाहेबांचा आवाज चढला होता. विहारात आवाज चढवू नये हे त्यांना कळत होतं. पण हाच प्रश्न ते कित्येक दिवस स्वतःला विचारत होते, आणि स्वतःचं उत्तर त्यांना पटत नव्हतं.

भंते सुमन अंगणात बसून आपल्या फाटक्या वस्त्राला, चीवराला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुगत कासारे हे खाडीकाठच्या अणुवीज केंद्राचे प्रमुख. केंद्र बंद होत होतं. वीज केव्हाच थांबली होती, उरली होती ती फक्त आवराआवर. कॉलनीतली निम्मी घरं कुलूपबंद झाली होती. आवरायला माणसं कमी लागतात असं वरच्यांचं मत होतं आणि साहेबांनी ते हौसेनं अमलात आणलं होतं. माणूस हुशार. कुठं काय जास्त आहे ते त्यांना चटकन दिसायचं. काय कमी पडेल हे दिसायला मात्र वेळ लागायचा.

त्यांना जास्त वाटला तो बाहेरचा माणूस.

जळलेलं इंधन ज्या खोल हौदात ठेवत, तो आता रिकामा करायचा होता. पाणी उपसत जायचं आणि तळाचा गाळ काढायचा. त्यासाठी एक कामगार प्लास्टिकचा सूट चढवून, हवेची नळी लावून आत उतरे. दुसरा दाराबाहेर उभा राही. मुखवट्यातून बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आतला अधूनमधून लोखंडी पाइपावर ठोका मारी. बाहेरचा उलट ठोका देई.

आहेस ना?

आहे.

एवढंच. बाहेरच्याला दुसरं काम नव्हतं. साहेबांनी तिथं कॅमेरा बसवला आणि त्या माणसाला घरी पाठवलं. कॅमेरा पाहायला ज्याला बसवलं, त्याच्यामागे आणखी दहा कामं लावली.

मग एके दिवशी आत उतरलेल्या रमाकांत सकपाळची नळी मुडपली. कुणाच्या लक्षात येऊन दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

"चौकशीत माझ्यावर ठपका आलेला नाही," साहेब म्हणाले.

"बरं."

"एका शब्दानंही नाही."

"मग इथं का आलात, उपासक?"

साहेबांची नजर बाजूला गेली. विहाराच्या पायरीवर पाष्टे बसला होता. सकपाळच्या वेळी दाराबाहेर जो उभा असायला हवा होता, आणि ज्याला आधीच घरी पाठवलं होतं, तो हा पाष्टे. हल्ली तो रोज येऊन बसे आणि कुणाशी बोलत नसे. साहेबांनी त्याच्याकडे पाठ केली.

"माणसं आत उतरायला तयार नाहीत, भंते. हौदाची भिंत तडकलीय, पाणी झिरपतंय. पावसाळ्याच्या आत तो रिकामा झाला नाही तर ते पाणी खाडीत जाईल. तिथं बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिंपल्या, तिसऱ्या काढतात. त्याच तिसऱ्या घरोघरी शिजतात. मी स्वतःसाठी काही मागत नाहीये."

ते खरं बोलत होते. खाडीची काळजी त्यांना मनापासून होती. वाईट माणूस असता तर भंतेंचं काम सोपं होतं.

"मी काय करू?"

"माणसं तुमचं ऐकतात. त्यांना सांगा, भिऊ नका म्हणावं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला?" साहेब हसले. "हयात गेली माझी त्या केंद्रात. मला कसली भीती!"

भंतेंनी सुई चीवरात खोचून ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकत ते उठले.

"विहाराची टाकी आज रिकामी केलीय. तळाला गाळ आहे. माझे गुडघे उतरू देत नाहीत. तेवढा काढून द्याल?"

साहेबांना हे अगदीच अनपेक्षित होतं. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आपण हलक्या कामाला लाजत नाही हे दाखवायची संधी ते सहसा सोडत नसत. त्यांनी पँट दुमडली, बाही सारली.

"मी बादली भरली की ओढून घ्या," असं म्हणून दोर बांधलेली बादली आणि टिनाचा मग घेऊन ते लोखंडी शिडीनं खाली उतरले.

टाकी जमिनीत होती, चांगली खोल. तळाशी घोट्याएवढा गार चिखल आणि शेवाळ्याचा वास. वर तोंडापुरतं आकाश दिसत होतं आणि त्याच्या कडेला भंतेंची सावली.

साहेबांनी बादली भरली.

"ओढा, भंते."

दोर हलला नाही.

त्यांनी वर पाहिलं. सावली नव्हती.

"भंते?"

त्यांचाच आवाज भिंतीवर आपटून त्यांच्या कानात आला. ते घाईनं शिडीकडे वळले. पहिल्याच पायरीवरून बुळबुळीत पाय सटकला आणि ते दाणकन चिखलात बसले. कंबरेतून कळ गेली. श्वास मोठा मोठा वाटू लागला. इथं काही होत नाही, साधी पाण्याची टाकी आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा हाक मारली.

"भंते, आहात ना?"

काही नाही...

हातातला मग त्यांनी शिडीवर आपटला. ठण्ण. थांबून ऐकलं. पुन्हा आपटला. मग थांबणं जमेना. ते आपटतच राहिले.

वरून काहीच आलं नाही.

कसेबसे ते वर चढले. डोकं बाहेर काढलं तर भंते तिथंच होते. टाकीच्या तोंडापासून हातभर बाजूला, उभे. उन्हात, अनवाणी.

"तुम्ही... इथंच होतात?"

"इथंच होतो."

"सगळं ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग एक आवाज द्यायला काय झालं होतं? माझा जीव जायची वेळ आली होती, भंते!"

भंते त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. खूप थकवा होता.

"सकपाळनं किती वेळा ठोकलं असेल?"

...

साहेब टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसले. चौकशीला त्यांनी तोंड दिलं होतं, सकपाळच्या बायकोसमोरही ताठ उभे राहिले होते. आता मात्र त्यांना रडू आवरेना. चिखलाचे हात तोंडावर धरून ते लहान मुलासारखे रडले. पायरीवरचा पाष्टे उठला, दोन पावलं पुढं आला आणि काय करावं ते न कळून तिथंच थबकला.

भंतेंनी पाण्याची दुसरी बादली आणली आणि ते साहेबांच्या पायांवर पाणी ओतू लागले. साहेबांनी पाय मागे घेतले. भंतेंनी ते पुढं ओढले आणि चिखल धुऊन काढला.

मग साहेबांनी डोळे पुसले. ताठ बसले.

"उद्या मी आत उतरतो, भंते. सगळ्यांच्या आधी. सूट घालतो आणि उतरतो. मग तर येतील ना माणसं?"

रडूनही त्यांना पहिला नंबर स्वतःचाच हवा होता. माणूस एका दुपारी किती बदलणार?

भंतेंनी रिकामी बादली पालथी घातली.

"आत उतरायला त्यांना येतं, उपासक. तुम्ही बाहेर उभे राहा."