वाढलेला गज

"गज वाढला! एका रात्रीत तीन बोटं वाढला!"

खडकवणीचे राजे अर्जोजीराव ठासणीची बंदूक घेऊन सदरेवर गरजत होते. दारू-गोळी ठासायचा लाकडी गज धाकोजी सुतारानं घडवलेला. बार भरला की गजाचं टोक नळीच्या तोंडाशी बरोब्बर यायचं. आज मात्र ते तीन बोटं वर!

"ओलं लाकूड वापरलंस! आता न कापता, न तासता हा तीन बोटं आखूड कर. दिवस मावळेपर्यंत झाला नाही, तर वाकस-किकरं, सगळी हत्यारं गुंडाळ आणि गाव सोड!"

म्हाताऱ्या धाकोजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची लेक भिवरा बापाची भाकरी घेऊन आली होती. तिनं गज बघितला, बंदूक बघितली आणि गालात हसली.

"मी करते, महाराज. फक्त बंदुकीला हात लावू द्या."

"लाव! पण गजाची ढलपी जरी उडाली—"

"तर माझं नाक कापा! एक विचारू? बार कोण भरतं?"

"मी स्वतः! दुसऱ्याच्या हातचं मला चालत नाही."

"आणि भरताना बोलता?"

"काल संध्याकाळी भरताना रानडुकराची गोष्ट सांगत होतो. सकाळी भरताना राहिलेली पुरी केली. का गं?"

"उगीच!"

कारभाऱ्यांना एकाएकी खोकला आला.

भिवरानं बंदुकीच्या कानातली, म्हणजे बत्तीच्या छिद्रातली दारू फुंकून काढली. गजाच्या टोकाला लोखंडी मळसूत्र बसवलं, नळीत घालून पिळलं आणि ओढलं. चिंधीसकट गोळी बाहेर! नळी उलटी करून दारू झटकली, मळसूत्र काढून गज परत आत सोडला. टोक नळीच्या तोंडाशी बरोब्बर!

"झाला आखूड!"

"लबाडी! रिकाम्या नळीत गज खाली जाणारच!"

"रिकाम्या?"

भिवरानं पुन्हा मळसूत्र फिरवलं. दुसरी गोळी राजांच्या तळहातावर पडली. राजांचा चेहरा पांढराफटक!

"हा बार मी उडवला असता आणि नळी फुटली असती तर?"

"तर गज राहिला असता, महाराज. आखूड तुम्ही झाला असता!"

धाकोजीनं डोळेच मिटून घेतले.

"मग गज वाढला कसा?" राजांनी हळूच विचारलं.

"गज कुठं वाढला? बंदूक बिचारी पानावर बसली होती. गप्पांच्या नादात वाढणाऱ्यानंच दोनदा वाढलं!"

राजे असे हसले, की पागोटं मांडीवर आलं.

"धाकोजी, माझ्या रानातला हवा तो शिसव तोडून ने! आणि मांडा रे पंगत! या पोरीला आज मी स्वतः वाढणार. लाडू आणा!"

भिवरा पदर खोचून पाटावर बसली.

"वाढा महाराज. पण गप्पा मारत वाढा हं!"