बेहड्याचे तीन चोर

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही, बरं का. राजे काय, प्रत्येक गोष्टीत असतातच मेले. ही गोष्ट आहे धुरपाची. कोण धुरपा? सांगते, आधी ती पांघरुणाची ओढाओढ थांबवा बघू.

तर त्या राजाची होती एक राई. राई म्हणजे फोडणीतली नव्हे गं! राई म्हणजे दाट, जुनी झाडी. सगळी बेहड्याची झाडं, एकेक अशी की दोघांच्या कवेत मावायची नाहीत. राईच्या पलीकडे एक टेकडी, पार बोडकी. आणि राईची राखणदारीण म्हणजे आपली धुरपा. तिला ना मूल ना बाळ. राईच तिचं माहेर, राईच तिचं सासर. हातात सदा गोफण. माकड आलं, हाण दगड. भेकर आलं, हाण दगड. एवढीशी खार आली, तर तिलाही. "चोर मेले! माझ्या राईतलं एक फळ न्याल तर याद राखा!" सात वर्षं झाली, एक फळ राईबाहेर गेलं नाही. धुरपाला त्याचा केवढा अभिमान!

मग एकदा काय झालं, राजाला हवा झाला नवा महाल. महालाला लागतो चुना, आणि चुन्याच्या भट्टीला लागतं लाकूड. राजा आला राईत. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी झाडं म्हातारी. बोटभर रोप म्हणून कुठं नाही.

राजा म्हणाला, "धुरपाबाई, तुझी राई निपुत्रिक आहे. आज ना उद्या पडणारच ही झाडं. तोडूनच टाकतो."

धुरपानं हातातली गोफण टाकली. तिनं राजाचे पाय धरले. राजा काही अगदीच दुष्ट नव्हता. म्हणाला, "बरं. श्रावणात परत येईन. झाडांचं एक तरी पोर दाखव, राई तुझी. नाही दाखवलंस, तर कुऱ्हाड."

मग धुरपा लागली कामाला. झाडांखाली फळांचा हा खच पडलेला. उचलून बघते तर काय, एकेक बी किड्यांनी पोखरलेली. शोधून शोधून चांगल्या बिया काढल्या आणि झाडाखालीच पेरल्या. रोज घागरीनं पाणी घातलं. चार कोंब आले, पण त्या गच्च सावलीत पिवळे पडले आणि मान टाकून मेले. धुरपा ढसाढसा रडली. गोफण मांडीत टाकून नुसती बसून राहिली.

तेवढ्यात आलं माकड. गालफडं भरभरून फळं घेतली, अगदी तुमच्या भय्यासारखी, लाडू कोंबतो ना तो तशी. धुरपानं गोफण उचलली. पण तिच्या मनात आलं, मेला नेतो तरी कुठं? सात वर्षांत आपण हे कधी बघितलंच नाही की! मग ती गेली त्याच्या मागं मागं. माकड चढलं बोडक्या टेकडीवर. उन्हात बसून एकेक फळ काढलं, वरचा गर खाल्ला आणि बी? थू! लांब फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी आलं भेकर. त्यानं फळं गिळली अख्खीच्या अख्खी. धुरपा त्याच्याही मागं. भेकर टेकडीच्या उतारावर निवांत बसलं, रवंथ केलं आणि एकेक बी तोंडातून टाकली. टुक, टुक, टुक. अगं बाई, म्हणाली धुरपा.

तिसऱ्या दिवशी आली खार. ती तर भलतीच शहाणी. एक बी इथं पुरली, एक तिथं पुरली, वरून माती थापटली. अडीअडचणीला असू दे म्हणाली. मग एक बी फोडून आतला मगज खाल्ला. आता बेहड्याचा मगज कसा असतो ठाऊक आहे? जास्त खाल्ला की गुंगी येते! खार लागली डुलायला. डुलली, डुलली आणि झोपली. तेव्हा जनावरं बोलायची, बरं का. ती उठल्यावर धुरपानं विचारलं, "का गं, पुरलेल्या बिया खायच्या नाहीत का?"

खार म्हणाली, "कसल्या बिया?"

धुरपा अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांना पाणी आलं. घरी गेली आणि गोफण खुंटीला टांगली. चोरांना म्हणाली, या रे बाबांनो, न्या.

श्रावण आला. राजा आला. संगती कुऱ्हाडवाले वीस जण. झाडाखाली बघतो तर रोप नाहीच! राजानं हात वर केला. धुरपा म्हणाली, "महाराज, जरा टेकडीवर चला."

राजा धापा टाकत, घसरत, एकदाचा वर पोचला. आणि बघतच राहिला. दगडाआड, उतारावर, मोकळ्या उन्हात, जिकडे तिकडे बेहड्याची कोवळी रोपं!

"कोणी लावली ही?"

"चोरांनी लावली, महाराज." धुरपानं मान खाली घातली. "राई निपुत्रिक नव्हती. मीच माया करून करून तिच्या लेकरांना घराबाहेर पडू दिलं नाही."

राजानं कुऱ्हाडवाल्यांना खूण केली. कुऱ्हाडी माघारी गेल्या. महाल झाला लहानसा, मातीचा. त्यात राजा मजेत राहिला, राईत धुरपा मजेत राहिली, आणि टेकडीवर एवढी झाडी झाली की तिचं बोडकं डोकं पुन्हा कुणाला दिसलं नाही.

आणि खार? ती अजून शोधतेय. इथं पुरलं होतं का? की तिथं? शोधता शोधता एक बी फोडते, मगज खाते आणि डुलायला लागते. ही बघा, आमच्या धाकटीलाही लागली गुंगी. मिटा डोळे. उद्या उठून मला विचाराल, आजी, कसली गोष्ट?