चुंदाआत्याची जरीची कुंची

एक होती चिचुंद्री. इवलीशी. नाक लांब, डोळे बारीक. नाव तिचं चुंदा.

चुंदाच्या भावाला बाळ झालं. चुंदा झाली आत्या! आत्या होणं म्हणजे काय साधं काम आहे होय?

आज बाळाचं बारसं. चिचुंद्र्यांच्या घरची रीत अशी, की आत्यानं कुंची आणायची. कुंची म्हणजे बाळाची टोपी, पाठीवर छान झूल सोडलेली. आत्याची कुंची डोक्यावर, मग बाळाला नाव. कुंची नाही, तर नाव नाही.

चुंदा निघाली बाजाराला. तुरुतुरु तुरुतुरु.

सुगरणमावशीच्या दुकानात जरीची कुंची टांगली होती. काय झळकत होती! चुंदा म्हणाली, "मावशी, ही द्या."

चुंदानं मशीनला कार्ड टेकवलं. कार्ड तिचंच. कार्डातले पैसे तिचेच.

मशीन ओरडलं, "टूँऽऽऽ!"

दिवा लागला लाल.

"अगं बाई!" सुगरण म्हणाली. "मशीन म्हणतंय, चोर आला चोर! चुंदा रोज घेते चिमूटभर नाचणी. आज एकदम जरीची कुंची? ही चुंदा नव्हेच!"

"अहो मावशी, मीच की चुंदा! हे बघा माझं नाक."

"बघतेय गं. पण मी बघून काय उपयोग? मशीनला कुठं डोळे आहेत? जा, बँकेतल्या घुबडकाकांकडे जा. घुबड हो म्हणेल, तर कुंची देईन."

सुगरणीनं कुंची परत टांगून ठेवली.

चुंदा बिचारी. काय करणार? निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

जांभळीच्या ढोलीत बँक. बँकेत घुबडकाका. डोळे मिटलेले.

"काका, काका, ऐका ना!
सुगरण कुंची देईना,
बाळाचं बारसं होईना!"

काकांनी एक डोळा उघडला. "तू चुंदा? कशावरून?"

"सुगरणमावशी ओळखतात की."

"तिला काय, कुंची विकायची आहे! कोतवालाला विचार. तो सगळ्यांची राखण करतो. कोतवाल ओळखेल, तर हो म्हणेन."

डोळा मिटला. घुर्र घुर्र.

चुंदा बिचारी. काय करणार? निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तारेवर बसला होता कोतवाल पक्षी. काळा काळा. शेपूट डौलात.

"दादा, दादा, ऐका ना!
घुबड हो म्हणेना,
सुगरण कुंची देईना,
बाळाचं बारसं होईना!"

कोतवालानं खाली पाहिलं. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं.

"वरून तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता बुवा! करडी पाठ, करडी पाठ, करडी पाठ. शेजारी कोण गं तुझं?"

"कासवआजोबा."

"मग झालं तर. कासव सांगेल, तर ओळखेन."

चुंदा बिचारी. काय करणार? निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तळ्याकाठी कासवआजोबा. पाठ बाहेर, मान आत. चुंदानं पाठीवर वाजवलं. टक टक!

"आजोबा, आजोबा, ऐका ना!
कोतवाल ओळखेना,
घुबड हो म्हणेना,
सुगरण कुंची देईना,
बाळाचं बारसं होईना!"

मान हळूच बाहेर आली. "आवाज तर चुंदाचाच वाटतो. पण मी पडलो म्हातारा. मला वाटून काय होतंय? तुझ्या घरचं कुणी आण. वहिनी येईल, तर सांगेन."

मान गेली आत. सुळुक!

चुंदा बिचारी. काय करणार? निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

घरी आली. वहिनी दारातच होती. काखेत बाळ.

"वहिनी, वहिनी, ऐका ना!
कासव सांगेना,
कोतवाल ओळखेना,
घुबड हो म्हणेना,
सुगरण कुंची देईना,
बाळाचं बारसं होईना!"

"अहो वन्सं, तुम्हाला मी नाही ओळखायचं, तर कुणी?" वहिनी म्हणाली. "येते की! पण हे बघा ना, सकाळपासून भोकाड पसरलंय. बाळ गप्प होईल, तर येईन."

"ट्यँहाँ! ट्यँहाँ!" बाळ रडत होतं.

ऊन उतरलं. दिवे लागायची वेळ आली. आता कुंची कधी आणायची? बारसं कधी व्हायचं? चुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाळाला जवळ घेतलं.

"बाळा, बाळा, ऐक ना!
आई तुझी येईना,
कासव सांगेना,
कोतवाल ओळखेना,
घुबड हो म्हणेना,
सुगरण कुंची देईना,
बाळाचं बारसं होईना!"

बाळानं काही विचारलं नाही. तू कोण? नाही विचारलं. कशावरून? नाही विचारलं. बाळानं नाक हलवलं. सूं सूं. सूं सूं. आत्याचा वास!

बाळानं आत्याची शेपटी तोंडात धरली. घट्ट! आणि झालं गप्प.

बाळ गप्प झालं, वहिनी निघाली. आत्या पुढं. आत्याच्या शेपटीला बाळ. बाळाच्या शेपटीला वहिनी. अशी चालली वरात. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

वहिनी आली, कासव सांगायला निघालं. थांबा हं. निघालं. अजून निघतंय. हां, आलं! "ही चुंदाच बरं का!"

कासवानं सांगितलं, कोतवालानं ओळखलं. "हीच ती! हीच ती!"

कोतवालानं ओळखलं, घुबडानं दोन्ही डोळे उघडले.

"पण रोज नाचणी, अन् आज कुंची? असं कसं?"

"अहो काका," वहिनी म्हणाली, "बारसं काय रोज असतं?"

घुबडकाकांनी मान इकडून तिकडे फिरवली. "नाही बुवा. रोज नसतं. चुकलंच माझं." आणि घुबड हो म्हणालं.

चुंदानं दुकानात पुन्हा कार्ड टेकवलं. मशीन म्हणालं, "टिंग!"

दिवा लागला हिरवा. सुगरणीनं कुंची दिली. वर एक गोंडाही लावून दिला. "हा माझ्याकडून गं. मघाशी तुला परत पाठवलं ना."

बारसं झालं थाटात. बाळाच्या डोक्यावर जरीची कुंची. आत्या वाकली पाळण्यात. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र! तिळोबा!"

नाव ठेवलं, की आत्याच्या पाठीत धपाटे! तो तर आत्याचा मानच.

वहिनीनं दिला, धप्! सुगरणीनं दिला, धप्! कोतवालानं दिला, धप्! घुबडानं दिला, धप्!

चुंदाआत्या हसून हसून लोळली.

आणि कासवआजोबांचा? त्यांचा हात वर जातोय. थांबा हं. जातोय. अजून जातोय. तोवर आपण देऊया एक, या इथल्या छोट्या पाठीवर. हळूच हं.

धप्!