मूळ तुटलेल्या अळंब्या

“हिचं मूळ कुठंय?”

ठमाबाईंनी पाटीतली एक अळंबी उचलून उलटी धरली होती. छत्री पांढरी, टपोरी. दांडा मात्र मध्येच तुटलेला.

“तुटलं,” दातीर म्हणाले. “पाऊस होता. घाईत उपटल्या.”

“आन् हिचं?”

“...तिचंही.”

ठमाबाईंनी आणखी तीन-चार उलट्या करून पाहिल्या. मग पाटी खाली ठेवली.

श्रीरंग दातीर तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. ठमाबाई डोंगरातल्या ठाकरवाडीच्या. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरओळख नाही. वाडीत कुणीही रानातून अळंबी आणली, की चुलीवर चढण्याआधी ती त्यांच्या ओसरीवर यायची. दोन पावसाळे दातीर त्यांच्यामागे रान हिंडत होते. आधी आले ते वहीत टिपायला. मग म्हातारीला खरंच किती कळतं ते तपासायला. अलीकडे ते शिकायला येत, पण तसं कुणाजवळ कबूल करत नसत.

आजचं येणं वेगळं होतं. त्यांची बायको शेवंता सात महिने अंथरुणाला खिळली होती. तीही याच डोंगरांतली. अन्न तुटलं होतं. आठवडाभर एकच म्हणत होती... वारुळावरची अळंबी आणा. माझी आई करायची तशी, नुसत्या मिठातली.

“वारुळावरच्याच आहेत, ठमाई,” दातीर म्हणाले. “मी ओळखतो.”

“नुसतं वरून?”

“वरूनही कळतं.”

“तुझ्या कॉलेजातल्या पोरानं आशी मूळ तोडून आनली आसती, तर काय म्हनला आसतास?”



पागोळ्या गळत होत्या. ओसरीवर ओल्या मातीचा वास दाटला होता.

“लसूण टाकून शिजवतो,” दातीर म्हणाले. “विषारी असली तर लसूण काळा पडतो म्हणतात...”

बोलता बोलता त्यांचाच चेहरा उतरला. हे साफ खोटं आहे, असं त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं.

“मग आधी मी खातो. मला काही झालं नाही, तरच तिला देतो.”

“जिभंला गोडच लागंल. दिसभर काय व्हनार न्हाय तुला. तवर ती बी जेवली आसंल.”

“ठमाई, तिला पुढचा पावसाळा दिसायचा नाही...”

 म्हातारी उठली. डोक्यावर इरलं घेतलं, कोपऱ्यातली काठी घेतली.

“दाव. कुठनं उपटल्यास?”

वारूळ ओढ्यापलीकडे होतं. पाऊस आता उघडला होता. तुटक्या दांड्यांचे पांढरे ठिपके मातीत दिसत होते.

ठमाबाई चिखलात बसल्या. काठीच्या टोकानं त्यांनी एका दांड्याभोवतीची माती हलकेच उकरली. दांडा निमुळता होत होत वीतभर खाली, थेट वारुळात उतरला होता.

“बघा!” दातीरांचा आवाज चढला. “म्हटलं नव्हतं मी?”

ठमाबाई हातभर पलीकडे सरकल्या आणि दुसरा दांडा उकरला. तो बोटभरच खाली गेला आणि थांबला. तळाशी पांढरी, फाटकी पिशवी होती, फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी.

दातीरांनी ती ओळखली. विषारी अळंबीच्या बुडाशी असणाऱ्या या पिशवीवर दरवर्षी परीक्षेत एक प्रश्न ते स्वतः काढायचे.

“हिची छत्री कंची?” ठमाबाईंनी पाटीकडे बोट केलं. “काढ.”

दातीरांनी पाटीत पाहिलं. पावसानं आणि घाईनं चेंबलेल्या छत्र्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्यांनी एक उचलली. खाली ठेवली. दुसरी उचलली...

ठमाबाईंना ती पाटी हिसकावता आली असती. त्यांनी हातातली काठी फक्त दातीरांपुढे धरली.

 दातीरांनी काठी घेतली, खड्डा केला आणि पाटी त्यात उपडी केली. मग वरून माती लोटली.

“उद्या पुन्हा उगवतील?”

“हितं? आता पुढल्या साली.”

दुपारच्या एसटीनं दातीर रिकाम्या हातांनी घरी गेले. शेवंताच्या उशाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं; काही लपवलं नाही. ती छताकडे बघत ऐकत होती.

“वारूळ केवढं होतं हो?”

“कमरेएवढं असेल.”

“आमचं माझ्या डोक्याएवढं होतं...” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “मी लहान होते म्हणून वाटत असेल.”

मग तिनं त्यांचा हात ओढून घेतला. नखांत अजून वारुळाची माती होती. तिनं तो हात नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

दिवाळीआधी ती गेली.

पुढच्या श्रावणात दातीर वाडीवर आले. या खेपेला बरोबर वही नव्हती. ठमाबाई ओसरीवर नाचणी पाखडत होत्या. दातीर खांबाला टेकून बसले.

“जेवायला बसलो की ती पाटी दिसते, ठमाई. त्यातल्या कितीतरी चांगल्या होत्या.”

“व्हत्या.”

“दोन जरी नेता आल्या असत्या...”

ठमाबाई पाखडत राहिल्या. सूप रिकामं झालं तेव्हा त्यांनी भिंतीला टेकलेली पाटी त्यांच्याकडे सरकवली.

“जा.”

“एकटा?”

त्यांनी सुपात पुन्हा नाचणी ओतली.

दातीर परतले तेव्हा दुपार कलली होती. गुडघ्यापर्यंत चिखल. पाटीत थोड्याच अळंब्या, पण प्रत्येकीचा दांडा लांब, मुळासकट, टोकाशी वारुळाची माती.

“किती टाकल्यास?” ठमाबाईंनी विचारलं.

“निम्म्याहून जास्त. काहींचं मूळ तुटलं. काही नुसत्याच... मन घेईना.”

“त्या बी चांगल्या आसतील.”

“असतील,” दातीर म्हणाले.

एवढंच म्हणाले. आवाजात हळहळ नव्हती असं नाही. पण त्या हळहळीपायी एकही संशयाची अळंबी पाटीत आली नव्हती.

ठमाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दातीरांनी पाटी पुढे ठेवली. “एकदा बघून घ्या.”

“बघितलं.”

“पण पाटीत तुम्ही अजून डोकावलाही नाहीत...”

“चूल पेटव, मास्तर. मला भूक लागलीया.”