मैदानावरची शांतता

सोनतळ्याच्या गोल्फ क्लबात गजराबाई वीस वर्षं गवत खुरपत होती. पूर्वी चेंडू माणसाच्या दिशेनं निघाला, की खेळाडू मोठ्यानं हाक देत आणि बाया डोकं झाकून खाली बसत. नवे अध्यक्ष निंबाळकर यांना ही आरडाओरड गावंढळ वाटली. त्यांनी ती बंद करून टाकली.

पुढच्याच आठवड्यात पाहुण्यांसोबत खेळताना त्यांनी मारलेला चेंडू गजराबाईच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती किंचाळली आणि पाहुण्यांचा खेळ थांबला.

महिन्यानं ती डोळ्याला पट्टी बांधून कामावर आली, तेव्हा अध्यक्षांनी तिला सभासदांसमोर उभं केलं.

"पाहुण्यांदेखत एवढ्या मोठ्यानं ओरडलीस! इथली रीत ठाऊक नाही? तुला कामावर ठेवायचं तरी कसं?"

 गजराबाई म्हणाली, "साहेब, चेंडू सुटला की कुणीतरी ओरडायला लागतंच. तुम्ही आधी ओरडला नाहीत, म्हणून मला मागनं ओरडावं लागलं."

 अध्यक्षांची मान खाली गेली. तिचं काम टिकलं आणि दुसऱ्या दिवसापासून हाकाही पुन्हा सुरू झाल्या.

डोळा मात्र गेला तो गेलाच.