काटा शून्यावर आण, मग उतर

एका गावात एक भोळा वैमानिक होता. म्हाळू त्याचं नाव. भोळ्याच्या हाती विमान दिलं कुणी, असं विचाराल तर त्याच्या थोरल्या बहिणीने, आक्काने. ती धावपट्टीच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगायची. "माझा भाऊ आहे, मी जामीन," असं ती मालकाला म्हणाली. मालक म्हणाला, "डाकेचं हे एकच विमान आहे. त्याला काही झालं, तर दोघांनीही घरी बसायचं."

पहिल्या दिवशी म्हाळूने विमान छान उतरवलं. पंखा थांबला, पण गडी काही बाहेर येईना. आक्का धावत गेली.

"म्हाळ्या, उतर की!"

"कसा उतरू? उंचीचा काटा बघ. तीनशे फूट! हाडं मोडतील."

"अरे शहाण्या, हवेचा दाब कमी झालाय, म्हणून काटा चुकतोय. काट्याखालची ती खुंटी फिरव. काटा शून्यावर आण, मग उतर."

म्हाळूने खुंटी फिरवली, काटा शून्यावर आला, म्हाळू उतरला. "खुंटीने माणूस वरखाली होतो तर!" म्हणत त्याने सदऱ्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "समोरून कुणी आलं, तर हजार फूट वर जायचं." म्हाळूने दुसरी गाठ मारली. संध्याकाळी बाजारातून येताना समोरून कुंभाराची बैलगाडी आली. म्हाळू सरसर चिंचेवर चढला.

"काय रे, काय झालं?" कुंभाराने विचारलं.

"जा तुम्ही खालून. हजार नाही जमले, वीस फुटांवर आहे."

आक्काने कपाळावर हात मारला. "अरे, ते आकाशात!"

तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या पाठीला उडीची छत्री बांधली. भावाला ती ओळखून होती.

म्हाळू दोन हजार फुटांवर होता. समोरून त्याच उंचीवर लग्नाच्या वऱ्हाडाचं विमान आलं. आक्का रेडिओवर ओरडली, "म्हाळ्या, तीन हजारावर जा!"

म्हाळूने खुंटी फिरवली. काटा तीन हजारावर गेला. "गेलो, आक्का!"

आक्काने मनोऱ्यातून पाहिलं, विमान मात्र तसूभरही वर गेलं नव्हतं. तिने वऱ्हाडालाच वर धाडलं. वऱ्हाड वाचलं.

"म्हाळ्या, मुकाट्याने खाली ये!" ती कडाडली.

म्हाळूने खुंटी फिरवली. काटा शून्यावर आला. म्हाळूने दार उघडलं आणि उतरला.

विमान गेलं तळ्यात. छत्री उघडली आणि म्हाळू त्याच चिंचेला लटकला. पाय जमिनीपासून वीतभर वर. आक्का धापा टाकत आली. भाऊ धडधाकट बघून तिला रडूच फुटलं. मागून मालक काठी घेऊन पळत येत होता.

"उतर मेल्या, पळ! वीतभर तर राहिलंय!"

"कसा उतरू, आक्का?" म्हाळू म्हणाला. "काटा तळ्यात बुडालाय. आधी तो काढून शून्यावर आण!"